ध्वनीचे कातरकाम : डेलिया डर्बिशायर

संगीतकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तंबोरा येतो, पेटी येते, फार तर व्हायोलिन किंवा पियानो येतो. ज्या स्त्रीचे चरित्र मी येथे सांगणार आहे तिच्या कामाच्या टेबलावर यांपैकी काहीच नसे. तेथे दाढीचे ब्लेड असे, चिकटपट्टी असे, फितीवर खूण करण्याची पेन्सिल असे आणि आपण गणिताच्या तासाला ज्याला कंटाळतो ते लॉगॅरिदमच्या कोष्टकांचे पुस्तक असे. एवढ्या साहित्यावर तिने जे संगीत रचले ते इंग्लंडमधील घराघरांत पोहोचले. तिचे नाव मात्र पोहोचले नाही. डेलिया डर्बिशायर हे ते नाव.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या गावी झाला. वडील पत्र्याचे काम करणारे कामगार. घर कॅथलिक पंथाचे आणि साधे. ती साडेतीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर भयंकर बाँबवर्षाव केला. गावातले मध्ययुगीन कॅथेड्रल जळून नुसत्या भिंती उरल्या. त्या काळात हवाई हल्ल्याचा इशारा देणारे भोंगे वाजत. एक भोंगा वर-खाली हेलकावत रडायचा, तर धोका टळल्याचा भोंगा एकाच सुरात लांबवर टिकायचा. हे आवाज कोठून येतात, कोण काढतो, हे त्या लहान मुलीला कळत नव्हते. आवाज होता, पण आवाज करणारा दिसत नव्हता. आपल्या संगीताचे मूळ त्या भोंग्यांत आहे असे ती पुढे मोठेपणी मुलाखतींतून सांगत असे.

हल्ल्यानंतर तिला सुरक्षिततेसाठी लँकेशायरमधील प्रेस्टन या गावी नेण्यात आले. हे कापडगिरण्यांचे गाव. पहाटे गिरणीकामगार लाकडी तळाचे बूट घालून दगडी रस्त्यावरून कामाला निघत आणि शेकडो पावलांचा टपटपाट घरात झोपलेल्या मुलीला ऐकू येई. हा आवाजही तिच्या कानात कायमचा राहिला. मी इचलकरंजीच्या मागाच्या पेठेत वाढले. आमच्या गल्लीत धोटा रात्रभर या टोकाकडून त्या टोकाकडे आपटतो आणि वीज गेली तर त्या शांततेने माणसे जागी होतात. म्हणून प्रेस्टनची ही हकीकत वाचताना मला ती मुळीच परकी वाटली नाही.

शाळेत ती फार लवकर चमकली. चार वर्षांची असतानाच ती वर्गातल्या इतर मुलांना लिहावाचायला शिकवी. घरात पुस्तके बेताचीच. तिचे खरे शिक्षण रेडिओवर झाले. आठव्या वर्षी आईवडिलांनी पियानो घेऊन दिला. पत्र्याच्या कामगाराच्या घरात पियानो येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी हप्त्याने वस्तू येतात त्यांना वेगळे सांगायला नको. पुढे कॉव्हेंट्रीच्या बार्स हिल या शाळेतून ती उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांनी तिला प्रवेश देऊ केला. तिने केंब्रिज निवडले. गर्टन महाविद्यालयात गणितासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली.

हे साल १९५६. ज्या केंब्रिजने न्यूटन घडवला त्या केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वी. त्यातही कामगाराची मुलगी! वर्षभर गणित केल्यावर डेलियाने संगीत हा विषय घेतला आणि १९५९ मध्ये गणित व संगीत या दोहोंची पदवी घेऊन ती बाहेर पडली. मध्ययुगीन संगीत आणि अगदी आधुनिक संगीत हे तिचे आवडीचे विषय. मधल्या दोनतीनशे वर्षांतील थोर मंडळींना तिने वगळले असे नव्हे. पण तिचा ओढा दोन टोकांकडे होता खरा.

केंब्रिजमध्ये असतानाच एक महत्त्वाची गोष्ट घडली. १९५८ मध्ये ब्रसेल्स येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यात फिलिप्स कंपनीसाठी ल कॉर्ब्यूझिए याने एक मंडप उभारला होता. आपल्या चंदीगडचा आराखडा करणारा वास्तुविशारद तो हाच. त्या मंडपात एडगार व्हारेज या वृद्ध संगीतकाराची ‘पोएम एलेक्ट्रॉनिक’ ही आठ मिनिटांची रचना शेकडो ध्वनिक्षेपकांमधून वाजत असे. घंटा, यंत्रांचे आवाज, विजेच्या उपकरणांतून निघालेले सूर आणि मानवी कंठ यांची ती रचना. वाजवणारा कोणी नाही, ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी आवाज फिरतो आहे. भोंग्यांच्या आवाजात वाढलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

पदवी मिळाली. आता नोकरी. विद्यापीठाच्या सल्लागारांना तिने सांगितले की मला ध्वनी, संगीत आणि ध्वनिशास्त्र यांत रस आहे. त्यांनी सुचविले की बहिऱ्यांसाठी श्रवणयंत्रे बनवण्याच्या किंवा समुद्राची खोली मोजण्याच्या क्षेत्रात पाहावे. मग तिने ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या डेका कंपनीकडे अर्ज केला. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या दालनात आम्ही स्त्रियांना कामावर घेत नाही, असे सरळ उत्तर आले. केंब्रिजच्या पदवीधर मुलीला, १९५९ साली, इंग्लंडात! मग ती जिनिव्हाला गेली, राजदूतांच्या व वकिलातीतल्या मुलांना पियानो आणि गणित शिकवले, एका आंतरराष्ट्रीय कचेरीत साहाय्यक झाली, परत कॉव्हेंट्रीला येऊन प्राथमिक शाळेत शिकवले, मग लंडनला एका संगीत प्रकाशनसंस्थेत काही महिने काढले. नोव्हेंबर १९६० मध्ये बी.बी.सी.त शिकाऊ साहाय्यक म्हणून तिचा प्रवेश झाला.

बी.बी.सी.च्या मेडा व्हेल येथील इमारतीत ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ नावाचा एक विभाग १९५८ मध्ये सुरू झाला होता. डॅफ्नी ओरम या बाईने त्यासाठी वर्षानुवर्षे वरिष्ठांचा पिच्छा पुरवला होता. आणि विभाग सुरू झाल्यावर वर्षभरातच ती तेथून बाहेर पडली, हाही एक नमुना आहे. श्रुतिकांना आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना लागणारे विचित्र आवाज तयार करणे हे या विभागाचे काम. तेथे संगीतकार हा शब्द वापरायचा नाही असा अलिखित दंडक होता. तेथे जे होई त्याला विशेष ध्वनी म्हणत. असले आवाज फार काळ ऐकून माणसाचे डोके फिरेल या भीतीने कर्मचाऱ्यांना तेथे काही महिनेच ठेवीत. जिथे लोक नाइलाजाने जात तिथे आपण होऊन मागणी करणारी ही मुलगी पाहून वरिष्ठ चकित झाले. एप्रिल १९६२ मध्ये ती तेथे रुजू झाली आणि ११ वर्षे राहिली. एवढ्या काळात तिने सुमारे २०० कार्यक्रमांसाठी काम केले.

हे काम चालत असे कसे, ते थोडे सविस्तर सांगते. तेव्हा आजचा सिंथेसायझर नव्हता. वर्कशॉपकडे होते टेपरेकॉर्डर आणि यंत्रांची चाचणी घेण्यासाठी वापरतात ते ऑसिलेटर, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा सपाट सूर काढणारी उपकरणे. समजा, ताणलेली एक तार छेडून तिचा टणत्कार फितीवर मुद्रित केला. फीत दुप्पट वेगाने फिरवली की तोच आवाज वरच्या सप्तकात जातो आणि निम्म्या वेळात संपतो. निम्म्या वेगाने फिरवली की खालच्या सप्तकात जातो आणि लांबतो. मधल्या प्रत्येक सुरासाठी वेग किती ठेवायचा याचे गणित करायचे. लॉगॅरिदमचे पुस्तक लागे ते अशाच हिशेबांना. फीत सेकंदाला १५ इंच या वेगाने धावत असेल तर एका सेकंदाचा सूर म्हणजे १५ इंच फीत, अर्ध्या सेकंदाचा साडेसात इंच. तेव्हा सूर फूटपट्टीने मोजायचा, ब्लेडने कापायचा आणि पुढच्या सुराला चिकटवायचा. शिंप्याच्या दुकानात जसे कापड, तसा येथे काळ बेतला जाई. फीत उलटी फिरवली की आवाज आधी फुगत येतो आणि मग एकदम तुटतो. फितीची दोन टोके जोडून वेटोळे केले की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो.

ही कल्पना एकट्या डेलियाची नव्हे. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफेर याने आगगाडीच्या आवाजांपासून रचना केली होती. पुढे जर्मनीत कोलोन येथे श्टॉकहाउझेन याने १९५६ मध्ये एका मुलाचा आवाज आणि विजेचे सूर एकत्र विणले. इटलीत लुचानो बेरिओ याने १९५८ मध्ये आपली पत्नी कॅथी बर्बेरियन हिच्याकडून जेम्स जॉइसच्या कादंबरीतला उतारा वाचून घेतला आणि ते वाचन कापून-जोडून, शब्दांचा नुसता नाद उरेपर्यंत नेले. १९६२ च्या उन्हाळ्यात डार्टिंग्टन येथे बेरिओचे शिबिर भरले तेव्हा त्याची साहाय्यक म्हणून गेली होती डेलियाच. मात्र युरोपातील ही मंडळी नामवंत संगीतकार म्हणून काम करीत होती. डेलिया मासिक पगारावर, उद्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी करीत होती. माझ्या मते हा फरक लहान नाही.

१९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ नावाची मुलांची मालिका निघायची होती. रॉन ग्रेनर या संगीतकाराने तिची धून एका कागदावर लिहून दिली. काही ठिकाणी स्वरांऐवजी वारा, बुडबुडे, ढग असले शब्द लिहून तो मोकळा झाला. डेलियाने डिक मिल्स या साहाय्यकाला घेऊन ती धून एकेका सुराने उभी केली. खालचा ठेका तारेच्या टणत्कारातून, वरची धून ऑसिलेटरमधून, वारा आणि ढग हे गाळून घेतलेल्या खरखरीतून. तीन वेगवेगळ्या फिती तयार झाल्या. त्या एकत्र वाजवण्याचे यंत्र नव्हते, म्हणून तीन टेपरेकॉर्डर एकाच क्षणी सुरू करायचे. एकदा कुठेतरी एक सूर चुकत होता आणि सापडत नव्हता. तेव्हा त्यांनी मेडा व्हेलच्या लांबलचक बोळात तिन्ही फिती जमिनीवर शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोड कुठे पुढेमागे होतो ते डोळ्यांनी पाहून चूक पकडली. संगीतातली चूक पट्टीच्या कापडावरच्या धाग्यासारखी पाहून काढल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

ग्रेनरने ते ऐकले तेव्हा हे आपणच लिहिले होते का, असा त्याला प्रश्न पडला. त्याने मोठ्या मनाने डेलियाचे नाव सहरचनाकार म्हणून लागावे आणि मानधनाचा वाटा तिला मिळावा असा प्रयत्न केला. पण वर्कशॉपमधील कर्मचारी अनामच राहायचे, हा बी.बी.सी.चा नियम आड आला. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, मालिका सुरू झाली. धून लोकांच्या तोंडी बसली. डेलियाला तिचा पगार मिळाला.

जगात तिची ओळख या धुनीची असली तरी माझ्या दृष्टीने तिचे सर्वांत मोठे काम दुसरेच आहे. ५ जानेवारी १९६४ रोजी बी.बी.सी.च्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वर ‘द ड्रीम्स’ हा कार्यक्रम लागला. बॅरी बर्मेंज या लेखकाने साध्यासुध्या माणसांना त्यांची स्वप्ने विचारून ती ध्वनिमुद्रित केली होती. पळणे, पडणे, भूप्रदेश, पाण्याखाली आणि रंग असे पाच भाग पाडून ती निवेदने त्याने रचली. डेलियाने ती कापली, जोडली आणि त्यांच्या खाली विजेच्या सुरांची एक संथ, गूढ जमीन पसरली. सुमारे पाऊण तासाचा हा कार्यक्रम. त्यात कथानक नाही, निवेदक नाही. एक बाई सांगते की कोणीतरी मागे लागले आहे. तिचे वाक्य अर्धवट तुटते, दुसरा पुरुष तेच सांगू लागतो, मग पहिलीचा तोच तुकडा पुन्हा येतो, पुन्हा येतो. कीर्तनातले पालुपद जसे दर वेळी वेगळा अर्थ घेऊन येते तसा तो तुकडा येतो. आपण एखादा ओळखीचा शब्द वीस वेळा स्वतःशी म्हणून पाहावा. अर्थ गळून पडतो आणि जिभेवर नुसता नाद राहतो. ‘द ड्रीम्स’मध्ये तसे होते, पण अर्थ पुरता गळत नाही. भीती तेवढी शिल्लक राहते.

मी हा कार्यक्रम फोनवर, कानात इअरफोन घालून तीन वेळा ऐकला. पहिल्या वेळी निम्मे इंग्रजी कळले नाही. पण कोण घाबरले आहे, कोण गंमत म्हणून सांगतो आहे आणि कोणाला सांगताना लाज वाटते आहे, हे सगळे कळले.

त्या काळी बी.बी.सी.वर बोलायचे तर एका ठरावीक उच्चभ्रू धाटणीचे इंग्रजी लागे. ‘थर्ड प्रोग्रॅम’ तर विद्वानांसाठीच होता. त्या वाहिनीवर अडखळणारी, स्वर गिळणारी, रस्त्यावरची इंग्रजी बोलणारी माणसे आली आणि त्यांच्या बोलण्यातले चढउतार, श्वास, थांबणे, हेच संगीत म्हणून ऐकवले गेले. कोणी त्यांचे उच्चार सुधारले नाहीत. हे करणारी डेलिया स्वतः मात्र कशी बोलत होती? तिच्या मुलाखती ध्वनिमुद्रित आहेत. तिचे इंग्रजी अत्यंत नाजूक, काचेसारखे स्वच्छ आहे. कॉव्हेंट्रीच्या कामगारवस्तीचा त्यात मागमूस लागत नाही. ती भाषा तिने केव्हा आणि कशी उचलली असेल? केंब्रिजला, की नोकरी शोधताना, की रेडिओपुढे बसून? आपल्यापैकी जे घरी एक मराठी आणि वर्गात दुसरी मराठी बोलतात त्यांना हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. एका वक्तृत्व स्पर्धेत माझ्या ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ला परीक्षक हसले होते, गुणही कापले होते. तेव्हापासून मी व्यासपीठावर ‘नाही’ आणि ‘होय’ म्हणते आणि बरोबर म्हणते. पण आई फोनवर असली की जीभ आपोआप वळते. डेलियाची वळत होती का, आईशी बोलताना? तिच्या कानांनी मात्र ती पहिली बोली सोडली नव्हती, एवढे ‘द ड्रीम्स’ ऐकताना पटते. ज्याला बोलीत नाद ऐकू येत नाही त्याच्या हातून असे जोड पडणारच नाहीत.

बर्मेंजबरोबर तिने १९६४-६५ मध्ये याच प्रकारचे आणखी तीन कार्यक्रम केले. एकात लोक देवाविषयी बोलतात, मानणारे आणि न मानणारेही. एकात मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी, तर एकात म्हातारपणाविषयी. कार्यक्रमपत्रिकेत बर्मेंजचे नाव छापले जाई आणि पुढे रेडिओफोनिक वर्कशॉपच्या सहकार्याने, असे. डेलियाचे नाव नसे.

तिच्या कामाच्या पद्धतीचे आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. वर्कशॉपमध्ये दिव्याची एक हिरवी, पत्र्याची शेड होती. ती वाजवली की सुंदर घुमत असे. डेलियाने तो घुमारा मुद्रित केला, आघाताचा पहिला क्षण कापून टाकला आणि फक्त मागे रेंगाळणारा नाद ठेवला. मग त्या नादात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत ते शोधून तेच सूर ऑसिलेटरांवर पुन्हा बांधले. सहारातील तुआरेग लोकांवरच्या एका माहितीपटाला तिने जे संगीत दिले त्यात वाळवंटाची चमचमती ऊन्हे आहेत ती या शेडची. आणि उंटांच्या पावलांचा ठेका आहे तो तिच्या स्वतःच्या आवाजाचे तुकडे कापून केलेला. पत्र्याच्या कामगाराच्या मुलीने पत्र्यातून वाळवंट काढले, असे मी म्हणते. तिने तसे कोठे म्हटल्याचे मला आढळलेले नाही.

नोकरी सांभाळून तिने बाहेरही उद्योग केले. १९६६ मध्ये ब्रायन हॉजसन आणि पीटर झिनोव्हिएफ यांच्यासह ‘युनिट डेल्टा प्लस’ ही संस्था काढली, ती फार टिकली नाही. १९६९ मध्ये ‘व्हाइट नॉइज’ या नावाने एक ध्वनिमुद्रिका निघाली. ती तेव्हा फारशी खपली नाही. नंतरच्या पिढीने तिला डोक्यावर घेतले.

१९७० च्या सुमारास वर्कशॉपमध्ये सिंथेसायझर आले. कळ दाबली की सूर तयार. काम झटपट होऊ लागले आणि झटपटच मागितले जाऊ लागले. एकेका सुरापाशी रात्र काढणाऱ्या माणसाला त्या घाईत जागा राहिली नाही. १९७३ मध्ये तिने बी.बी.सी. सोडली आणि १९७५ पासून संगीतच सोडले. त्यानंतर ती उत्तरेकडे कंब्रियात वायुवाहिनी टाकण्याच्या कामावर रेडिओ ऑपरेटर होती, एका चित्रदालनात होती, पुस्तकांच्या दुकानात होती. लग्न झाले, ते टिकले नाही. मद्याचे व्यसन लागले. १९८० पासून नॉर्दम्प्टन येथे क्लाइव्ह ब्लॅकबर्न या जोडीदाराबरोबर तिचे उर्वरित आयुष्य गेले. या वीस-पंचवीस वर्षांना बहुतेक लेखक अंधारयुग म्हणून दोन ओळींत गुंडाळतात. मलाही त्यांविषयी जास्त सांगता येत नाही, पण वायुवाहिनीच्या कामावर, कानाला फोन लावून रात्रपाळी करणाऱ्या बाईला काय काय ऐकू येत असेल, असे मनात येते.

शेवटी शेवटी तरुण संगीतकार तिला शोधत आले. पीटर केम्बर याच्याबरोबर ती पुन्हा कामाला लागली होती. परंतु ३ जुलै २००१ रोजी, कर्करोगाच्या उपचारांतून सावरत असताना मूत्रपिंडे निकामी होऊन वयाच्या ६४ व्या वर्षी तिचे निधन झाले.

घराच्या माळ्यावर नाश्त्याच्या खाद्यपदार्थांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवलेल्या २६७ फिती आणि कागदांचा मोठा गठ्ठा सापडला. २००७ पासून तो ठेवा मँचेस्टर विद्यापीठाकडे आहे. २०१३ मध्ये ‘डॉक्टर हू’ला ५० वर्षे झाली त्या विशेष भागात धुनीच्या श्रेयनामावलीत तिचे नाव पहिल्यांदा पडद्यावर आले; मृत्यूनंतर १२ वर्षांनी. २०१७ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठाने तिला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि तिच्या बालपणीच्या घरावर नामफलक बसला.

‘द ड्रीम्स’ आजही ऐकायला मिळतो. त्यात बोलणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव कार्यक्रमात सांगितलेले नाही. ती पळणारी बाई कोण, पाण्याखाली श्वास घेणारा तो पुरुष कोण, ते कळायला मार्ग नाही. आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येतो.